गाढवाला फोडलेला नारळ

मी एकदा एका गाढवाला नारळ फोडला आहे. साधासुधा नाही, चांगला शेंडीवाला, पाणीदार, विरारच्या बाजारात कानाशी हलवून पारखून घेतलेला. गाढव दगडाचं होतं, आणि त्याला मी देवीचं वाहन समजले होते. नुसता नारळ फोडून थांबले असते तरी चाललं असतं. पण मी त्या अख्ख्या दगडाला तेलात खललेला शेंदूर फासला, उदबत्ती खोवली, आणि जवळच गवत कापत असलेल्या एका पोरीला त्या देवीचं माहात्म्य चांगलं दहा मिनिटं ऐकवलं. त्याच वेळी कोणीतरी माझ्या पाठीत एक धपाटा घालायला हवा होता. पण घालणार कोण? बी.ए.ला इतिहास घेतलेली मी घरातली एकटीच होते.

यंदाही कार्तिक आला. फुलपाड्यातल्या आमच्या इमारतीत झाडं औषधालाही नाहीत, त्यामुळे ऋतू बदलला हे इथे पानांवरून कळत नाही. सकाळी गॅलरीचा लोखंडी गज हाताला गार लागला, समोरच्या बाईंनी गच्चीवर गाद्या टाकल्या, की समजायचं. आणि तरीही शंका उरली तर माझी मैत्रीण फिलोमिना येते. सांडोरच्या तिच्या वाडीतून पिशवी भरून भाजी आणते आणि पिशवीच्या तळाशी सुक्या पानात बांधलेली सुकेळी. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की ती गुळासारखी काळीसावळी होतात, आणि पुडा सोडताच मध, ऊन आणि जुनं लाकूड असा एकत्र वास येतो. तो वास आला की मी बावीस वर्षांची होते. फार काळ नाही, पुडा संपेपर्यंत.

बावीस वर्षांची मी म्हणजे एक अवघड प्रकरण होतं. माहेर कऱ्हाडचं. लग्न होऊन विरारला आले ती दोन खोल्यांत. एका खोलीत सासूबाई, सासरे आणि दीर. दुसरीत चूल, मोरी, धुणं आणि आम्ही दोघं. मधल्या दाराला कडी नव्हती. ती नव्हती म्हणून मी इतिहासप्रेमी झाले, हे मी आजवर कुठल्या भाषणात सांगितलेलं नाही. नव्या नवरा-बायकोला चार शब्द एकांतात बोलायचे तर जागा कुठे? देवळात गेलं तर सासूबाईंना नाही म्हणता येत नसे, आणि किल्ल्यात गेलं तर माणूस दिसत नसे. म्हणून दर रविवारी आधी देऊळ आणि मग किल्ला, असा आमचा नेम ठरला. सासूबाई काही खुळ्या नव्हत्या. एकदा परत आल्यावर माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "काय गं, देवळात जाताना कुंकू लावतात की येताना पुसतात?"

त्या एका हिवाळ्यात आम्ही किती हिंडलो! अर्नाळ्याच्या किल्ल्यावर होडीतून गेलो. होडी पार काठाला लागत नाही, शेवटचं अंतर गुडघाभर पाण्यातून चालायचं. ह्यांनी चपला डोक्यावर धरल्या होत्या आणि मी साडी वर धरली होती, आणि कोणाचं लक्ष कशाकडे होतं ते सांगायला नको. किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळत होते. किल्ल्याच्या आत लोक वांगी-मिरच्या पिकवत होते, भोवती खारा समुद्र आणि मध्ये गोड्या पाण्याची विहीर. वसईच्या किल्ल्यात छप्पर उडालेल्या चर्चच्या भिंतीतून वडाची मुळं उतरलेली, त्या मुळांवर बसून आम्ही घरून आणलेली पोळी-भाजी खाल्ली. सोपाऱ्याच्या जुन्या स्तूपाच्या उंचवट्यावर पोरं क्रिकेट खेळत होती आणि बुद्धाच्या अंगणात बाद कोण नि नाबाद कोण यावरून मारामारी चालली होती.

आणि या सगळ्या ठिकाणी मी बोलत होते. अखंड. कमान दिसली की मी सांगायची, बुरूज दिसला की सांगायची. माहीत नसेल ते तर जास्तच ठासून सांगायची. हे शेजारी उभे राहून म्हणायचे, "हो का!" त्या दोन शब्दांवर आमचा संसार चाळीसच्या वर वर्षं टिकला आहे. आता ह्यांचे गुडघे किल्ला चढत नाहीत, पण "हो का" अजून शाबूत आहे.

जत्रेच्या रविवारी आम्ही निर्मळला गेलो. तळ्याच्या काठाने गर्दी, बांगड्यांची दुकानं, सुकेळ्यांच्या टोपल्या. दर्शन घेऊन आम्ही मुद्दाम लांबच्या वाटेने निघालो. लांबच्या वाटेची आवड का, ते वर आलंच आहे. भात कापून झालं होतं. खाचरांत नुसते खुंट, बांधावर पेंढा, आणि त्या पेंढ्याचा उन्हात तापलेला कोरडा वास. एका पाड्याच्या वेशीवर, चिंचेखाली, कमरेएवढा एक दगड गवतात कलंडून उभा होता. पाड्याचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर पुढच्या रविवारी तिथे वडापावची गाडी लागेल.

मी पदर खोचून गवत बाजूला केलं. वरच्या बाजूला चंद्र-सूर्य. मध्ये झिजलेल्या अक्षरांच्या ओळी, मला न वाचता येणाऱ्या. खाली एक बाई आणि एक जनावर, पावसाने इतकं खाल्लेलं की कोण कुठे संपतं ते कळेना.

"गाढव दिसतंय," हे म्हणाले.

"शीतलादेवी!" मी टाळीच वाजवली. "शीतलेचं वाहन गाढवच असतं."

"पण ती त्याच्यावर बसलेली वाटत नाही गं."

"झिजलंय ते. बी.ए.ला इतिहास कोणी घेतला होता, तुम्ही की मी?"

"हो का!" हे म्हणाले.

पुढच्या रविवारी सासूबाईंच्या मारुतीच्या डब्यातला शेंदूर मी चोरला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. गवत कापणारी पोर माझ्याच वयाची, तीही त्याच पाड्यात नवीन सून होऊन आलेली. नाव हिरू. विळा हातात तसाच धरून ती लांब उभी होती. "ही कोन देवी?" तिने विचारलं. मी म्हटलं, शीतला. पोरांना गोवर-कांजिण्या आल्या की हिच्यावर गार पाणी घालायचं, तेच पाणी पोरांच्या अंगाला लावायचं, की ताप उतरतो.  ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. तिची ती नजर मी भक्तिभाव म्हणून खिशात घातली आणि घरी आले.

होळीपर्यंत मला डोहाळे लागले. किल्ल्यांनी आपलं काम चोख केलं होतं. भटकणं थांबलं, मग मुलं, मग शाळेतली नोकरी. तीस वर्षं मी इतिहास शिकवला. त्या दगडाची एकदाही आठवण आली नाही.

आठवण आली ती निवृत्त झाल्यावर, एका भलत्याच ठिकाणी. फिलोमिना माझ्याच शाळेत गणित शिकवायची. नोकरी सुटल्यावर दोघींनी ठरवलं की नावाजलेली ठिकाणं इतरांना सोडायची आणि आपण उरलेली बघायची. रविवारची चर्चमधली मिस्सा आटोपून ती निघते, मी डबा घेते, ती फुगे करून आणते, मैद्याचे गोल, तळलेले. शिरगावच्या किल्ल्यातलं फांद्या फुटलेलं ताडाचं झाड आम्ही पाहिलं, केळव्याचा वाळूत बसलेला किल्ला पाहिला, कुठलंसं तळं, कुठलंसं पडकं देऊळ. अशाच एका जुन्या शिवमंदिराच्या आवारात झाडाखाली चार-पाच दगड मांडून ठेवले होते. एका दगडापाशी माझे पाय थांबले. वर चंद्र-सूर्य, मध्ये अक्षरं, खाली बाई आणि जनावर. हा दगड मात्र झिजलेला नव्हता.

शेजारी पत्र्यावर माहिती लिहिली होती. फिलोमिना ती वर्गात वाचावी तशी मोठ्याने वाचू लागली. "गधेगाळ. राजाने देवळाला किंवा कोणाला जमीन दान दिली, की त्या जमिनीच्या सीमेवर असा दगड उभारत. हे दान जो मोडेल त्याच्या आईला..." इथे ती थांबली. "सुमन, पुढचं तू मनात वाच."

मी वाचलं. चित्रही पाहिलं. जे माझ्या दगडावर पावसाने पुसलं होतं ते इथे स्वच्छ दिसत होतं. शिवी होती ती. राजाच्या हुकुमाने, छिन्नीने, दगडात कोरलेली आईवरची शिवी.

मी देवळाच्या पायरीवर बसले आणि फिलोमिनाला सगळं सांगितलं. शेंदूर, उदबत्ती, नारळ, माहात्म्य. तिने आधी छातीवर क्रूस काढला. मग ती जी हसत सुटली, की फुग्यांचा डबा मांडीवरून घरंगळला. "म्हणजे तू शिवीला नैवेद्य दाखवलास! आणि वर पोरीला शिकवलंस!"

ते शेवटचं वाक्य मला लागलं. शाळेत मी पोरांना सांगत असे, चूक झाली तर पानाचा चिखल करू नका. एक रेघ मारा आणि शेजारी बरोबर काय ते लिहा. मी ठरवलं, जायचं आणि रेघ मारायची.

दोघी गेलो. चिंच तीच होती. तिच्याखाली लाद्यांचं छोटं देऊळ, घंटा, ट्यूबलाइट, दारावर "श्री शीतलामाता". आत माझा दगड, पण दगड कुठला, शेंदराचा लालभडक गोळा, त्याला चांदीचे डोळे. पुढे एक बाई वाती वळत बसली होती. मी तोंड उघडून "नमस्कार" म्हटलं मात्र, ती उभीच राहिली. "तुमी त्याच बाई ना? शेंदूरवाल्या?" हिरूची हिरूबाई झाली होती, दात पडले होते, पण ती माझा चेहरा विसरली असली तरी आवाज विसरली नव्हती. दहा मिनिटांच्या भाषणाचा हा असा परिणाम होतो.

तिने पाणी दिलं, खोबरं दिलं. पाड्यातल्या किती पोरांच्या कांजिण्या इथल्या पाण्याने उतरल्या ते सांगितलं. "असे आनखी दोन दगड होते बांधावर," ती म्हणाली. "रस्ता झाला तवा फोडून रस्त्याखालच्या मोरीत घातले. ह्याला कोनी हात लावला नाय. शेंदूर होता ना!"

"बघ," फिलोमिना माझ्या कानाशी पुटपुटली, "तू शहाणी असतीस तर हाही मोरीत गेला असता."

मग हिरूबाईने आनंदाची बातमी सांगितली. तिचा मुलगा आणि पाड्यातली मंडळी मोठं देऊळ बांधणार होती. संगमरवरी मूर्ती सांगून ठेवली होती. निर्मळची जत्रा संपली की दुसऱ्याच दिवशी जोत्याचं काम. आणि हा दगड? "जुनी देवी जोत्याखाली, नवी वर," ती म्हणाली.

 त्या शेंदराखाली अक्षरं होती. कोणी कोणाला कुठली जमीन दिली, या गावाला तेव्हा काय म्हणत, हे सांगणारा आता हा एकच दगड उरला होता. जुनी लिपी वाचणाऱ्या एका सरांना फिलोमिनाने फोन केला. ते म्हणाले, शेंदराचे थर हलक्या हाताने उतरतात, आणि शेंदराने अक्षरं खाल्ली नसतील, उलट सांभाळली असतील. पण काँक्रीट पडलं की संपलं. आणि शेंदूर उतरवायचा, तर हिरूबाईला सांगावं लागणार होतं की तिची देवी ही देवी नाही. तुझी सगळी हयात ज्याच्यापुढे वाती वळण्यात गेली ती एक शिवी आहे, आणि तुला ती भक्ती शिकवणारी मूर्ख मी.

पहिल्या दिवशी मी प्रसाद खाऊन परत आले. हसायचं असेल तर हसा, मीही हसते. बावीस वर्षांची मी माहीत नसलेलं धडाधड बोलत होते आणि सत्तरीच्या घरातल्या मला माहीत असलेलं एक वाक्य बोलता येईना. दुसऱ्या वेळी गेले तर एक आई अंगभर पुरळ उठलेलं बाळ घेऊन आली होती. हिरूबाई दगडावर पाणी ओतत होती, आई ते ओंजळीत धरत होती. त्या ओंजळीपुढे माझा इतिहास गप्प बसला. घरी आले तर ह्यांनी विचारलं, "सांगितलंस?"

"नाही."

"बी.ए.ला इतिहास कोणी घेतला होता?" इतक्या वर्षांनी त्यांनी वचपा काढला.

जत्रेच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी उठले, केस घट्ट बांधले, आणि फिलोमिनाला म्हटलं, आज मी सांगितल्याशिवाय मला तिथून उठू देऊ नकोस. हिरूबाई मला हाकलेल, शिव्या देईल, रडेल, पाडा गोळा करील. काय होईल ते होवो. रडली तर तिच्यापाशी बसेन. हाकललं तर दाराबाहेर बसेन. पण उद्या माझ्या भित्रेपणावर काँक्रीट पडू देणार नाही. वाटेत जत्रेला निघालेली माणसं भेटत होती, खाचरांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींमधून मधूनच एखादा उरलेला तुकडा कापलेल्या भाताचा, आणि त्याचा तोच कोरडा वास. एरवी मी त्या वासापाशी रेंगाळले असते. त्या दिवशी नाकसुद्धा वळवलं नाही.

देवळात हिरूबाई एकटीच होती. सणाचं म्हणून ती दगडाला नवं हिरवं लुगडं नेसवत होती. मी समोर बसले आणि एका दमात सांगितलं. ही शीतला नाही, हिरूबाई. हा शापाचा दगड आहे. खाली जे कोरलंय ते असं असं आहे. मला तेव्हा काही कळत नव्हतं आणि मी तुला खोटं शिकवलं. वर अक्षरं आहेत, ती या गावाची आहेत, ती जोत्याखाली जाऊ देऊ नकोस. माझ्यावर राग काढ, पण दगड वाचव.

हिरूबाईचे हात थांबले नाहीत. निऱ्या घालून झाल्या, एकेक बोटाने सारख्या केल्या, नवरीच्या खोचाव्यात तशा तिने त्या खोचल्या. बाहेर घंटेशी फिलोमिना दार अडवून उभी होती, मला पळता येऊ नये म्हणून.

"गाढव आमाला पयल्यापासून ठाऊक होतं, बाई," ती म्हणाली.

या वेळी भाषण तिचं होतं.

"माजी सासू सांगायची, तो शिवीचा दगड. बायामानसानं तिकडं बगायचं पन नाय. मी नवी नवरी, पान्याला जाताना चिंचेला वळसा घालून जायची. मग तुमी आलात. शिकलेल्या. चांगल्या घरच्या. आनि थेट त्याच्यापुढं मांडी घालून बसलात. मी मनात म्हटलं, हिला कळत नाय का? मग म्हटलं, नाय कळत तेच बरं हाय. तुमी गेल्यावर मी वळसा घालायचा सोडून दिला."

"आणि इतकी वर्षं कोणाला काही बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? पोरांना गार पानी पायजे होतं, ते भेटलं."

मुलाचं आणि जोत्याचं काय, मी विचारलं. तिने हात झटकला. मूर्ती वर बसू दे, म्हणाली, दगड शेजारी उभा राहील. पोराने ऐकलं नाही तर ती स्वतः खड्ड्यात उतरून बसेल, मग ओता म्हणावं काँक्रीट. मग तिने दगडाच्या खांद्यावरचा पदर अलगद दूर केला, वरचा शेंदराचा जाड थर उघडा केला आणि माझं बोट धरून त्याच्यावर टेकवलं. कमरेखालचं लुगडं मात्र तिने दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवलं होतं.

"वरची अक्सरं वाचा तुमी, खुशाल वाचा, त्या सरांना घेऊन या. पन खालच्या बाईचं लुगडं कोनी सोडायचं नाय. कोनाच्या तरी जमिनीच्या राखनीला ती एवढी वर्सं उगडी उभी होती. आता बास झालं."